पडणारी भिंत आणि नऊ बस्टर कीटन: मूकपटांतली धडपड चित्रित कशी व्हायची?

चित्रवेडी

इथल्याच एका धाग्यावर परवा प्रतिसाद वाचला की मूकपटांतला विनोद म्हणजे फिल्म भराभर फिरवायची, माणसं तुरुतुरु पळवायची, झालं काम. हा समज इतका सर्रास आहे की त्यावर वेगळा धागा काढावासा वाटला. त्या काळी टुकार पळापळीचे चित्रपट ढिगाने निघाले हे खरंच. पण त्यातले जे उत्तम आहेत ते आजही बघताना पोटात गोळा आणतात आणि त्याच क्षणी हसवतात. हे दोन्ही एकदम कसं साधलं जायचं, ते बघण्यासारखं आहे.

बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं दृश्य घेऊ. 'स्टीमबोट बिल ज्युनियर', १९२८. चक्रीवादळ सुटलंय. त्या काळचा विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन भांबावून एका घरासमोर उभा आहे आणि त्या घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर येते. वरच्या माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. भिंत जमीनदोस्त, कीटन जागच्या जागी उभा.

यात कॅमेऱ्याची कसलीही चलाखी नाही. भिंत खरी, वजनदार, आणि खाली माणूसही खरा. कीटनने पुढे मुलाखतीत याची मापं सांगितली आहेत: दोन्ही खांद्यांशी दोन-दोन इंच, डोक्याशी दोन इंच, टाचांमागे दोन इंच. आधी जागा आखून घेतली, टाचा जिथे यायला हव्यात तिथे जमिनीत मोठे खिळे ठोकले, मग भिंत उभी केली. वादळासाठी विमानाच्या लिबर्टी इंजिनांवर चालणारी सहा वारायंत्रं होती. गोम इथेच होती. तो वारा भिंतीला लागून ती जराशी जरी पिळवटली असती, तर खिडकी ठरल्या जागी आली नसती. म्हणजे वारा कीटनच्या पुढे हवा, घराच्या मागे हवा, पण पडत्या भिंतीवर त्याची झुळूकसुद्धा नको. एकाच टेकमध्ये काम झालं. दुसऱ्यांदा करायची गोष्टच नव्हती ती.

आणि हे एका रात्रीत सुचलेलं नाही. १९१९ च्या 'बॅक स्टेज'मध्ये रंगमंचावरची हलकी उभी चौकट पडते, तिच्या खिडकीतून विनोदी नट रॉस्को आर्बकल वाचतो. १९२० च्या 'वन वीक'मध्ये घराची भिंत पडते आणि खाली कीटन असतो. आठ वर्षांनी तीच कल्पना पूर्ण आकाराची आणि पूर्ण वजनाची झाली.

आता याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण. १९२१ साली 'द इलेक्ट्रिक हाउस'चं चित्रीकरण चालू असताना सरकत्या जिन्यात कीटनचा बूट अडकला आणि घोटा मोडला. उड्या, पडणं, सगळं बंद. कामावर परतल्यावर त्याने 'द प्लेहाउस' केला. त्याच्या सुरुवातीच्या भागात नाट्यगृहात वाद्यवृंद कीटनच, नट कीटन, बॉक्समधल्या प्रेक्षक बायका कीटन, पोरं कीटन. एका चौकटीत तर नऊ कीटन ओळीने बसतात. अंगाला काम देता येत नव्हतं म्हणून त्याने कॅमेऱ्याला कामाला लावलं.

माझं म्हणणं इतकंच की ती भिंत आणि हे नऊ कीटन एकाच डोक्यातून आले आहेत. दोन्हीकडे आधी हिशेब: भिंग कुठे आहे, तिथून काय दिसतं, माणूस किती इंचांवर उभा राहायला हवा. पडणं आणि चलाखी या वेगळ्या कला मानून आपण दोन्हींना कमी लेखतो.

तुम्हाला आवडलेली उदाहरणं, शंका, मतभेद, सगळं येऊ द्या.

निशाचर

मस्त धागा! पण एक कळलं नाही. तीच फिल्म नऊ वेळा फिरवली तर चित्रावर चित्र उमटून सगळा राडा व्हायला हवा. तो का होत नाही?

चित्रवेडी

@निशाचर, भिंगासमोर एक खोका बसवला होता, त्याला उभ्या पट्ट्यांची झाकणं. पहिल्या वेळी एकच पट्टी उघडी, बाकी बंद. तेवढ्या भागात पहिला कीटन उमटला. मग फिल्म उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची, ती पट्टी बंद, शेजारची उघडी, दुसरा कीटन. असं आठ वेळा मागे जाऊन नऊ वेळा. बंद पट्टीमागे फिल्मला प्रकाश लागतच नाही, म्हणून राडा होत नाही.

पण खरी तारेवरची कसरत कॅमेरामन एल्जिन लेस्लीची. कॅमेरा हाताने फिरवायचा. नऊही वेळा हँडलचा वेग तोच राहिला पाहिजे, नाहीतर एक कीटन संथ आणि शेजारचा लगबगीने नाचतोय असं दिसेल. कीटन बँजोच्या ठेक्यावर हालचाली करायचा आणि लेस्लीला तो माणसातला मेट्रोनोम (ठेका धरून देणारं यंत्र) म्हणायचा. नवव्या वेळी चूक झाली तर आधीचे आठही फुकट. संगणकावर थर लावणाऱ्यांनी हे एकदा डोळे मिटून मनात आणावं.

निशाचर

समजलं. आता परत बघताना कीटनच्या शेजारच्या रेषांकडेच लक्ष जाणार.

पडद्यामागे

चित्रवेडी ताई, धाग्याबद्दल आभार. तरुणपणी मी एका टॉकीजच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये काम केलं आहे, त्यामुळे वेगाच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो. "भराभर फिरवली" या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

पहिली, हेतुपुरस्सर. त्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे फिल्मवरची आठ सुटी चित्रं, पुढे जायच्या. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा चौकटी, ही साधारण चाल. विनोदी पाठलाग असेल तर कॅमेरामन हँडल हळू फिरवायचा, समजा सेकंदाला बारा चौकटी. थिएटरात तेच सोळाच्या किंवा त्याहून जास्त वेगाने दाखवलं की गाड्या आणि पोलीस सुसाट सुटायचे. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीने (स्थापना १९१२) हे अगदी सढळ हाताने वापरलं. यातही कसब असायचं. मोटार भरधाव दाखवायची पण तिच्यातला माणूस बाहुल्यासारखा झटके देताना दिसता कामा नये, म्हणून नट मुद्दाम संथ हालचाली करायचा. सगळा शॉट एकाच वेगाने घेतला जाईल असंही नाही, कॅमेरामन चालू शॉटमध्ये हात सैल-घट्ट करायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे शुद्ध हेळसांड. बोलपट आल्यावर प्रोजेक्टर चोवीस चौकटींवर पक्के झाले. जुन्या मूकपटांच्या प्रती त्याच यंत्रांवर चढवल्या आणि पुढे टीव्हीवरही तशाच दाखवल्या. सोळा-अठराला घेतलेलं चोवीसला पळवलं तर राणीसुद्धा तुरुतुरु चालणार. आपल्या पिढीने चॅप्लिन पाहिला तो असा. त्यामुळे विनोद वेगात आहे असा समज झाला. हल्ली नीट दुरुस्त केलेल्या प्रती योग्य वेगाला बघायला मिळतात. तिथे एखादं पडणं किती सावकाश, किती बेतून केलंय ते दिसतं.

चित्रवेडी

पडद्यामागे काका, हे मला इतकं नेमकं मांडता आलं नसतं. धाग्याच्या वरच जायला हवं हे.

यंत्रज्ञ

दोन इंचांचं वाचून कागद-पेन्सिल घेतली. भिंत तळाशी बिजागरीवर फिरते असं धरू. खिडकीची खालची कड जमिनीपासून १२ फूट, वरची कड १५ फूट, ही मापं मी नुसती हिशेबासाठी घेतोय. भिंत आडवी पडली की खिडकीचं भोक पायापासून १२ ते १५ फुटांवर येतं. सहज वाटेल की माणसाने मधोमध, साडेतेरा फुटांवर उभं राहावं.

तिथे उभा राहिला तर मेला. कारण भिंत वरून सरळ खाली येत नाही, ती कमानीत फिरत येते. खिडकीची वरची कड १५ फूट त्रिज्येच्या वर्तुळावर चालते. ती साडेपाच फूट उंचीवर, म्हणजे डोक्याच्या पातळीला येते तेव्हा पायापासून तिचं आडवं अंतर वर्गमूळात १५ चा वर्ग वजा साडेपाचचा वर्ग, म्हणजे जेमतेम १४ फूट. मधोमध उभ्या माणसाच्या शरीराची अर्धी जाडी अर्धा फूट धरली तर कपाळ बरोबर १४ वर येतं. त्याने घराकडे अर्धा फूट सरकायला हवं. पण फार सरकला तर खालची कड टाचांवर. म्हणजे तीन फुटांच्या खिडकीत वापरता येण्यासारखी जागा दोनच फूट, आणि त्यात एक फूट जाडीचा माणूस.

म्हणूनच खिळे टाचांशी ठोकले असणार. टाच हा एकच बिंदू जमिनीवर आखून दाखवता येतो. डोक्याचं अंतर त्यावरून आपोआप ठरतं, फक्त माणसाने वाकता कामा नये. घाबरून मान पुढे घातली असती तरी संपलं होतं. त्याचा चेहरा निर्विकार असण्यामागे अभिनयाबरोबर भूमितीही आहे.

भिंत जड ठेवण्याचं कारणही उघड आहे. हलकी चौकट हवेच्या दाबाने हेलकावते आणि मुरगळते, जड चौकट आपल्या मार्गाने येते. म्हणजे सुरक्षिततेसाठीच ती जास्त जीवघेणी करावी लागली.

निशाचर

@यंत्रज्ञ, दंडवत. हा प्रतिसाद शाळेत भूमितीच्या तासाला वाचून दाखवायला हवा.

कैरी

धागा आवडला, पण मला एक गोष्ट खटकते म्हणून लिहिते. दोन इंचांवर जीव टांगून घेतलेलं दृश्य आपण "कला" म्हणून गौरवायचं का? यात थोडी जरी गडबड झाली असती तर आज आपण त्याला बेजबाबदारपणा म्हटलं असतं. त्याच काळातला विनोदी नट हॅरल्ड लॉइड उंच इमारतीवरच्या घड्याळाला लटकतो ते दृश्य मला उलट जास्त पटतं, कारण तो खरोखर तेवढ्या उंचीवर नव्हता असं वाचलं आहे. विनोदासाठी मरायची तयारी ठेवणं हा काही गुण नाही.

चित्रवेडी

कैरी, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये असं मलाही वाटतं. आधी लॉइडचं सांगते.

'सेफ्टी लास्ट!', १९२३. लॉस एंजेलिसच्या ब्रॉडवेवर, उंच इमारतींच्या गच्च्यांवर भिंतीचा थोडा भाग आणि ते घड्याळ उभारलं. कॅमेरा असा कोनात लावला की गच्चीचा कठडा चौकटीच्या बाहेर राहील आणि मागे खाली खरा रस्ता, खऱ्या मोटारी दिसतील. लॉइडच्या खाली काही फुटांवर गाद्या घातलेला फळ्यांचा माचा होता, तो दिसत नाही. तो जसजसा "वर" चढतो तसतशी जास्त उंच इमारत निवडली. लांबून घेतलेल्या शॉट्समध्ये इमारत चढणारा बिल स्ट्रॉदर होता. तो प्रत्यक्ष आयुष्यातही इमारती चढायचा आणि चित्रपटात नायकाच्या मित्राचं काम त्याचंच आहे.

म्हणजे इथे कॅमेरा खोटं बोलत नाही, तो फक्त माचा दाखवत नाही. माझ्या मूळ मुद्द्याला यापेक्षा चांगला दाखला नाही: भिंग कुठे ठेवलं यावर सगळं उभं आहे.

आणि तरीही लॉइड तिथे सुखरूप होता असं म्हणवत नाही. १९१९ मध्ये छायाचित्र काढताना खोटा समजून हातात धरलेला बाँब खरा निघाला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. पुढचे सगळे चित्रपट त्याने बोटं बसवलेला हातमोजा घालून केले. तो घड्याळाला लटकतो तो असा हात घेऊन.

कैरी

हातमोज्याचं माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का होतो ना? एक बोटं गमावतो, दुसरा घोटा मोडतो.

चित्रवेडी

घोट्यावर थांबलं नाही. 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये कीटन रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो आणि पाण्याचा लोंढा त्याला रुळांवर आपटतो. मान दुखली, डोकं दुखत राहिलं, पण काम थांबलं नाही. मानेचा मणका मोडला होता हे कित्येक वर्षांनी एक्स-रेमध्ये कळलं. चित्रपटात तो शॉट आहे. पडल्यावर तो उठून पळतो.

याचं मी समर्थन करत नाही. हे बघताना मला आनंद होतो आणि भीतीही वाटते, आणि त्यातलं काहीच खोटं नाही. आज कुणी असं करू नये, कायद्याने करू देऊ नये. पण ज्यांनी केलं त्यांनी ते नशिबावर सोडलं नव्हतं, शक्य तेवढं मोजलं होतं. तीन वर्षांचा असल्यापासून कीटन आईवडिलांबरोबर रंगमंचावर होता. बाप त्याला उचलून पडद्यांवर फेकायचा, त्यासाठी अंगरख्याला सुटकेसची मूठ शिवलेली होती. पडायचं कसं हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं. त्या बालपणाबद्दल काय वाटावं हा वेगळा आणि जड प्रश्न आहे.

यंत्रज्ञ

या दोघींच्या मधलं माझं मत. 'थ्री एजेस' (१९२३) मध्ये कीटन एका गच्चीवरून दुसरीवर उडी मारतो आणि चुकतो. ती चूक खरी होती, खाली जाळं होतं म्हणून वाचला. शॉट टाकून न देता त्याने चुकलेल्या उडीच्या पुढे खाली पडत जाण्याची अख्खी साखळी रचली. जाळं लावण्याची अक्कल आणि चुकीचा वापर करण्याची बुद्धी, दोन्ही एकाच माणसात. बेफिकीर माणूस जाळं लावत नाही.

गोदाकाठ

उशिरा येतोय, पण फाळक्यांचं नाव अजून कसं आलं नाही? नाशिककर म्हणून गप्प बसवत नाही.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले तेव्हा 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. वॉल्टनच्या त्यांच्या स्टुडिओत फाळक्यांनी चित्रपट बनवण्याची प्रक्रिया पाहिली. आता हे हेपवर्थ कोण? १९०० साली त्यांनी मोटारीच्या स्फोटाचा एक इटुकला चित्रपट केला होता. रस्त्यावरून माणसांनी भरलेली मोटार येते, धडाम, धूर. मोटार गायब. पोलीस येतो, दुर्बीण लावून आभाळाकडे बघतो, आणि थोड्या वेळाने वरून एकेक हात-पाय पडायला लागतात. तो ते शांतपणे गोळा करून कुणाचं काय ते लावत बसतो. कॅमेरा थांबवायचा, मोटार हलवायची, मोडतोड ठेवायची, कॅमेरा पुन्हा सुरू. चलाखी आणि आचरट विनोद दोन्ही एकत्र.

फाळक्यांनी तिथून आणलेला कॅमेरा विल्यमसन कंपनीचा. त्या जेम्स विल्यमसननेही १९०१ मध्ये होव्ह इथे 'द बिग स्वॉलो' केला होता. फोटो काढू नको म्हणून चिडलेला माणूस कॅमेऱ्याकडे येत येत इतका जवळ येतो की पडदाभर त्याचं तोंड उघडतं आणि तो कॅमेरा व कॅमेरामन दोघांना गिळतो. मग मागे जात मिटक्या मारतो. उघड्या तोंडाच्या अंधारात कात्री मारून मागे काळा पडदा लावलाय, बाकी काही नाही.

फाळके स्वतः जादूचे प्रयोग करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने, म्हणजे आडनाव उलटं करून. परदेशातून परतल्यावर भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या बीचं रोप होताना दाखवणारा छोटा पट केला, ठरावीक वेळाने एकेक चौकट घेत. पुढे 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्या आपोआप हलवल्या. 'पिठाचे पंजे' हे प्रहसनही त्यांचंच.

आणि हे बघा: ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्या खेळात चित्रपटाआधी मिस आयरीन डेलमारचं नाचगाणं, मॅक्लेमेंट्सचं विनोदी स्केच, पायांनी जगलिंग करणारा अलेक्झांडर आणि 'टिप टॉप कॉमिक्स' हेही होतं. आपला पहिला चित्रपट कसरतपटू आणि विदूषकांच्या पंगतीतच लोकांसमोर आला.

चित्रवेडी

गोदाकाठ, तुमची वाटच बघत होते! हेपवर्थ आणि विल्यमसन हा धागा फार महत्त्वाचा आहे. जादूगारांचं तर या सगळ्यात मोठं देणं आहे. जॉर्ज मेलिएसकडे पॅरिसचं रोबेर-उदँ हे जादूचं थिएटर १८८८ पासून होतं. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंचा चित्रपटांचा खेळ पाहिल्यावर त्याला यंत्रात पुढची जादू दिसली.

पॅरिसच्या प्लेस द लोपेरा या चौकात चित्रण करताना कॅमेरा अडकला, पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर बसची एकदम शववाहिका झाली, ही त्याने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. मला ती आवडते, पण थांबवून बदलण्याची युक्ती एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शिरच्छेदाच्या दृश्यासाठी वापरली होती. मेलिएसचं मोठेपण त्याने ती घासूनपुसून जी चकचकीत केली त्यात आहे. नुसता कॅमेरा थांबवून भागत नाही. थांबताना आणि सुरू होताना हँडल मंदावतं, तेवढ्या चौकटींवर जास्त प्रकाश पडतो आणि पडद्यावर भपका येतो. त्या चौकटी कापून फिल्म पुन्हा चिकटवावी लागते. शिवाय शेजारच्या नटाने तोवर हवेत हात धरून पुतळ्यासारखं उभं राहायचं. सांधा दिसला की जादू मेली.

त्याचा १९०१ सालचा 'रबरी डोक्याचा माणूस' नक्की बघा. एक रसायनशास्त्रज्ञ टेबलावर स्वतःचंच तुटकं डोकं ठेवतो आणि भात्याने हवा भरतो. डोकं फुगत फुगत अजस्र होतं. प्रत्यक्षात मेलिएस उतरणीवरच्या गाडीत बसून कॅमेऱ्याकडे ओढला जात होता, मानेखालचं सगळं अंग काळ्या कापडात. काळ्यावरून प्रकाश येत नाही, तेवढी फिल्म कोरी राहते आणि तिथे दुसरं चित्र छापता येतं. उतरण कशाला? सपाट जमिनीवर जवळ येणारं डोकं चौकटीत सरकलं असतं. हनुवटी टेबलाला टेकलेली राहावी म्हणून गाडी जवळ येता येता नेमकी उंच-सखल व्हायला हवी. भिंतीसारखाच हिशेब आहे हा, २७ वर्षं आधी. शेवटी मदतनीस जास्त हवा भरतो आणि डोकं फुटतं, मग लाथ मारून त्याला हाकलतात. एवढी सगळी किमया आणि शेवट ढुंगणावर लाथेत. मला हे फार आवडतं.

पडद्यामागे

उलट फिरवण्याची गंमत राहिली. ल्युमिएरच्या भिंत पाडण्याच्या पटात (१८९६) कामगार भिंत पाडतात, धुरळा उडतो, आणि मग तीच फिल्म उलटी फिरवली की धुरळ्यातून भिंत उठून उभी राहते. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला, त्यातल्या सहा पटांत हा भिंत पाडण्याचा होता.

कैरी

या सगळ्यात बायका कुठे आहेत? पुरुष पडतायत, पुरुष फुगतायत, पुरुषच गिळतायत.

चित्रवेडी

होत्या, आणि खंद्या होत्या. कीस्टोनमध्ये मेबल नॉर्मंड. ती नुसती नटी नव्हती, दिग्दर्शन करायची. १९१४ चा 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' तिने दिग्दर्शित केला, आणि चॅप्लिनने ढगळ विजार-काठीचा तो वेश पहिल्यांदा त्यासाठी चढवला.

पण माझी लाडकी आहे लॉरा बेली. १९०३ चा 'मेरी जेन्स मिसहॅप', दिग्दर्शक तिचा नवरा जॉर्ज अल्बर्ट स्मिथ. स्वयंपाकघरातली मोलकरीण बूट पॉलिश करताना नाकाखाली काळा हात फिरवते, मिशी उमटते, ती जवळच्या शॉटमध्ये आपल्याकडे बघून डोळा मारते. चूल पेटेना म्हणून तीत रॉकेल ओतते. ती थेट धुराड्यातून बाहेर! मग थडगं, लोक दर्शनाला आलेत, आणि तिचं पारदर्शक भूत उठून आपला रॉकेलचा डबा घेऊन परत जातं. भूत म्हणजे एका चित्रावर दुसरं छापलेलं. काही मिनिटांत लांबचे आणि जवळचे शॉट, स्फोट, भूत, सगळं आहे, आणि ते एका बाईच्या चेहऱ्यावर तोललेलं आहे. तंत्रावर लिहिणारे स्मिथचं नाव घेतात, बेलीचं घेत नाहीत. ती रंगमंचावर मुरलेली विनोदी नटी होती. तिने मारलेला तो डोळा नसता तर उरलेल्या करामती कोरड्या वाटल्या असत्या.

कैरी

आत्ताच पाहिला. लेकही शेजारी बसली होती, भूत डबा घेऊन गेल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. आणखी मुलांसाठी सुचवा ना. सुट्टी चालू आहे.

चित्रवेडी

'वन वीक' पासून सुरू करा, वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. नवं जोडपं पेटीतून आलेलं जोडायचं घर बांधतं, पण पेट्यांवरचे आकडे कुणीतरी बदललेले असतात. शेवटी ते घर रुळांवर अडकतं. आगगाडी येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणेपर्यंत... पुढचं सांगत नाही.

मग 'शेरलॉक ज्युनियर'. त्यात झोपी गेलेला प्रोजेक्टर चालवणारा पडद्यात शिरतो आणि त्याच्याभोवतीची दृश्यं बदलत राहतात. बाकावर बसायला जातो तो गर्दीच्या रस्त्यावर पडतो, समुद्रात उडी मारतो ती बर्फात. प्रत्येक जागी कॅमेऱ्यापासूनचं अंतर जमीनमोजणीच्या उपकरणांनी मोजून त्याला तिथेच उभं केलं होतं. मुलींना विचारा, कापलं कुठे ते दिसलं का. माझ्या भाच्यांना हा खेळ फार आवडतो.

'द जनरल' थोडी मोठी झाल्यावर. त्यातला पुलावरून कोसळणाऱ्या इंजिनाचा शॉट ऑरेगॉनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ २३ जुलै १९२६ ला घेतला, खरं इंजिन, खरा पूल, एकच संधी.

गोदाकाठ

आणि आपल्याकडचा 'कालियामर्दन' (१९१९) यादीत घाला. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. खोड्या, लोण्याची चोरी, आणि डोहातला कालियाशी झगडा. सुरुवातीला तिचा नुसता चेहरा आहे, वेगवेगळे भाव दाखवणारा, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. फाळक्यांच्या पटांपैकी यातलाच बराच भाग वाचला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेला. डोहाच्या दृश्यात पाणी कुठे खरं आणि कुठे नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. यंत्रज्ञ, तुम्ही बघून सांगा.

यंत्रज्ञ

बघतो. बुडबुडे कुठून निघतात आणि केस कुठल्या दिशेला तरंगतात, एवढ्यावरून कळायला हवं. शनिवारी लिहितो इथेच.